स्टेंट ४ महिन्यांचा, टिकाग्रेलोर चालू आणि आतड्याचा कर्करोग: काय थांबवायचं, किती दिवस आणि कधी पुन्हा सुरू?

शल्य_निवासी

रुग्ण ६२ वर्षांचे, मधुमेही. ४ महिन्यांपूर्वी एनस्टेमी (ईसीजीत एसटीचा भाग वर न जाणारा हृदयविकाराचा झटका) झाला. एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाची मोठी धमनी) आणि तिची फांदी डायगोनल यांच्या फाट्यावर दोन्ही फांद्यांत मिळून २ औषधी स्टेंट (औषधाचा लेप असलेल्या जाळीच्या नळ्या) बसवले आहेत. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाची पंप करण्याची क्षमता) ४५ टक्के. सध्या छातीत दुखत नाही, दोन जिने न थांबता चढतात.

चालू औषधं: ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आणि टिकाग्रेलोर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा (दोन्ही प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणाऱ्या गोळ्या), ॲटोर्व्हास्टॅटिन ४०, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन आणि ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल.

रक्त कमी म्हणून तपासण्या झाल्या. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ सापडली, बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या पेशींचा कर्करोग) आला. सीटीवर इतरत्र पसरलेला दिसत नाही. हिमोग्लोबिन ९.२. दुर्बिणीतून राइट हेमिकोलेक्टमी (मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढून उरलेली टोकं जोडणं) करायची ठरली आहे.

अडचण अशी की तीन जणांनी तीन सूचना दिल्या आहेत. एक: ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलोर दोन्ही गोळ्या ७ दिवस आधी बंद करा आणि एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनच्या जातीचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन) ६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्या. दोन: स्टेंटला वर्ष होईपर्यंत हात लावू नका. तीन: काहीच थांबवू नका, तसंच ऑपरेशन करा. शिवाय एपिड्युरल (पाठीच्या कण्याजवळ नळी घालून दुखणं कमी करणारं औषध) द्यायचं की नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर टिकाग्रेलोर नेमकं कोणत्या तासाला सुरू करायचं, हे कोणीच लिहून दिलेलं नाही. कारणासकट सांगितलंत तर फार मदत होईल.

भूलतज्ज्ञ_म

आधी 'वर्षभर थांबा' या सूचनेबद्दल. ती चुकीची नाही, पण या रुग्णासाठी नाही. हृदयविकाराच्या झटक्यात बसवलेल्या स्टेंटनंतर, ज्या शस्त्रक्रियेला घाई नाही ती शक्यतो १२ महिने पुढे ढकलावी. स्थिर आजारात बसवलेला असेल तर ६ महिने. हर्निया, गुडघा बदलणं, पित्ताशयातले न दुखणारे खडे यांना हा नियम लावा. कर्करोग त्या रांगेत बसत नाही. जिथे थांबण्याचा धोका मोठा आहे, तिथे औषधी स्टेंटला ३ महिने झाले असतील तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. तुमच्या रुग्णाला ४ झाले आहेत. पहिले ३० दिवस मात्र जीव वाचवण्याची शस्त्रक्रिया सोडून दुसरं काही करू नये, कारण त्या काळात एक जरी गोळी थांबवावी लागली तरी नुकसान होण्याची शक्यता फार असते.

१२ महिन्यांचा आकडा डोक्यात इतका घट्ट का बसला आहे, तेही समजून घ्या. २००० साली ४० रुग्णांची एक मालिका प्रसिद्ध झाली. साधा स्टेंट बसवल्यावर ६ आठवड्यांच्या आत त्यांची दुसरी शस्त्रक्रिया झाली होती. त्यात ७ जणांना हार्ट अटॅक आला, ११ जणांना मोठा रक्तस्राव झाला आणि ८ जण दगावले. पुढे पहिल्या पिढीचे औषधी स्टेंट आले. त्यांच्या तारा १३० ते १४० मायक्रॉन जाड होत्या आणि त्यांच्यावर आतलं अस्तर उशिरा चढायचं. म्हणून २००७ मध्ये अमेरिकन हृदयरोग संघटनांनी वर्षभर दोन्ही गोळ्या चालू ठेवायला सांगितलं. आजच्या स्टेंटच्या तारा साधारण ६० ते ९० मायक्रॉनच्या आहेत आणि अस्तर लवकर चढतं. स्थिर आजारासाठीची मुदत खाली आली ती त्यामुळे. झटका आलेल्या रुग्णात १२ महिने टिकून आहेत, कारण तिथे भीती फक्त स्टेंटची नसते. बाकीच्या धमन्यांमधले थरही तेव्हा अस्थिर असतात.

आता गोळ्या. ॲस्पिरिन थांबवायचं नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळीसुद्धा ७५ मिलिग्रॅम घोटभर पाण्याबरोबर द्यायचं. पॉइझ-२ या २०१४ च्या चाचणीत १०,०१० रुग्ण होते. त्यात एकंदरीत ॲस्पिरिनचा फायदा दिसला नाही आणि रक्तस्राव वाढला, म्हणून बरेच जण सरसकट 'ॲस्पिरिन बंद' असं लिहितात. पण त्याच चाचणीत आधी अँजिओप्लास्टी झालेले ४७० जण होते आणि त्यांच्यात ॲस्पिरिनमुळे मृत्यू आणि हार्ट अटॅक मिळून ५.५ टक्केबिंदूंनी कमी झाले. वर्षाच्या आतला औषधी स्टेंट असलेल्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं, कारण त्यांचं ॲस्पिरिन थांबवणं धोक्याचं मानलं गेलं. तुमचा रुग्ण नेमका त्या गटातला आहे.

ॲस्पिरिनसुद्धा थांबवण्याचा विचार जिथे बंदिस्त जागेत थोडं रक्त साचलं तरी अवयव जातो तिथेच करावा: मेंदू, मणक्याची नळी, डोळ्याचा मागचा भाग. आतड्याची शस्त्रक्रिया त्यात येत नाही.

टिकाग्रेलोर ३ ते ५ दिवस थांबवायचं, ७ नाही. सात दिवस त्याच कामाच्या प्रासुग्रेल या गोळीसाठी आहेत, क्लोपिडोग्रेलसाठी ५. ही दोन्ही औषधं प्लेटलेटला कायमची चिकटतात. रोज साधारण १० टक्के प्लेटलेट नव्या येतात, म्हणून ५ दिवसांत निम्म्याच्या आसपास कामाच्या होतात आणि तेवढ्या बहुतेक शस्त्रक्रियांना पुरतात. टिकाग्रेलोर सुटू शकणारं आहे, रक्तातून औषध गेलं की तीच प्लेटलेट पुन्हा कामाला लागते. त्याला ७ दिवस थांबवणं म्हणजे स्टेंटला दोन ते चार दिवस विनाकारण उघडं ठेवणं.

दिवस मोजताना हमखास घोळ होतो. शस्त्रक्रिया १० तारखेला असेल आणि ३ पूर्ण दिवस थांबवायचं असेल तर शेवटची गोळी ६ तारखेच्या रात्रीची. ५ दिवस थांबवायचं तर ४ तारखेच्या रात्रीची. '३ दिवस आधी बंद' एवढंच लिहिलं तर कोणी ७ ला सकाळी घेतो, कोणी ५ ला सोडतो. कागदावर तारीख आणि वेळ लिहा, आणि त्याच कागदावर पुन्हा सुरू करण्याची तारीखही लिहा. ती दुसरी तारीख नसली की डिस्चार्ज होईपर्यंत गोळी बंदच राहते.

एनॉक्सापॅरिन हा पर्यायच नाही. स्टेंटमधली गुठळी प्लेटलेटची असते. हेपॅरिन थ्रॉम्बिनच्या (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या) बाजूला काम करतं, प्लेटलेटला शांत करत नाही. त्यामुळे स्टेंटला संरक्षण मिळत नाही आणि रक्तस्राव तेवढा वाढतो. दोन्ही गोळ्या बंद करून हेपॅरिन देणं ही तिन्हींतली सर्वांत धोक्याची सूचना आहे. शस्त्रक्रियेनंतर पायातल्या गुठळ्या टाळायला ४० मिलिग्रॅम रोज द्यालच, ते वेगळं काम. स्टेंटसाठी काहीतरी चालू आहे असं मात्र त्यावरून समजू नका.

कॅथलॅब_डावा

वरच्या उत्तराशी सहमत. हृदयाच्या बाजूने भर घालतो.

'स्टेंट आहे' एवढ्या माहितीवर कुणीही मत देऊ नये. अँजिओप्लास्टीचा मूळ रिपोर्ट मागवा, डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्यात पाहायचं ते असं: तारीख, का बसवला, कोणती धमनी, किती स्टेंट, एकूण लांबी, फाट्यावर दोन स्टेंटच्या तंत्राने बसवला का, शेवटी दोन्ही फांद्यांत एकदम फुगा फुगवला का, आतून अल्ट्रासाउंड किंवा ओसीटी (प्रकाशाने धमनीचं आतून चित्र) करून स्टेंट भिंतीला नीट टेकल्याची खात्री केली का. एकूण लांबी ६० मिलिमीटरपेक्षा जास्त, डावी मुख्य धमनी, जुनी पूर्ण बंद धमनी उघडलेली, एकमेव चालू धमनीतला स्टेंट, आधी कधी स्टेंट बंद पडलेला, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कमी इजेक्शन फ्रॅक्शन, यांतलं जितकं जास्त तितका धोका जास्त. तुमच्या रुग्णात झटका, फाट्यावरचे दोन स्टेंट, मधुमेह आणि ४५ टक्के पंपिंग आहे. म्हणून मी टिकाग्रेलोर ३ दिवसच थांबवा म्हणेन, ५ नको.

गोळी बंद असलेल्या मधल्या दिवसांत शिरेतल्या औषधाने पूल बांधायचा का, हा प्रश्न इथे येणारच. तो पहिल्या महिन्यातल्या रुग्णासाठी असतो, फार धोक्याचा स्टेंट असेल तर ३ महिन्यांपर्यंत. ४ महिन्यांवर ॲस्पिरिन चालू असताना त्याची गरज नाही. तरी इतर वाचकांसाठी मात्रा लिहून ठेवतो, कारण गडबडीत चुकतात.

कँग्रेलोर (टिकाग्रेलोरसारखं, पण शिरेतून द्यायचं): मिनिटाला प्रत्येक किलोमागे ०.७५ मायक्रोग्रॅम, बोलस (सुरुवातीची एकदम मोठी मात्रा) नाही. अँजिओप्लास्टीच्या वेळची मात्रा ४ मायक्रोग्रॅम असते, ती इथे लावायची नाही. टिकाग्रेलोर किंवा क्लोपिडोग्रेल थांबवल्यावर २ ते ३ दिवसांनी सुरू, प्रासुग्रेल असेल तर ३ ते ४ दिवसांनी. शस्त्रक्रियेच्या १ ते ६ तास आधी बंद. त्याचं अर्धायुष्य ३ ते ६ मिनिटं आहे आणि तासाभरात प्लेटलेट पूर्ववत होतात. २०१२ च्या ब्रिज चाचणीत हीच मात्रा वापरली, पण ते रुग्ण बायपासचे होते, हे विसरू नये.

कँग्रेलोर नसेल तर टिरोफिबान (शिरेतून द्यायचं दुसरं प्लेटलेटविरोधी औषध) मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम, शस्त्रक्रियेच्या ४ ते ६ तास आधी बंद. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ५० च्या खाली असेल तर मात्रा निम्मी आणि बंद करायची वेळ ८ तास आधी. सुरू केल्यापासून ६ तासांत प्लेटलेट मोजा, अचानक कोसळू शकतात.

परत गोळीवर येताना एक खाच आहे. कँग्रेलोर चालू असताना क्लोपिडोग्रेल किंवा प्रासुग्रेल दिलं तर ते वाया जातं, कारण प्लेटलेटवरची जागा अडलेली असते आणि त्यांचा सक्रिय घटक तोवर रक्तातून नाहीसा होतो. म्हणून ती दोन्ही कँग्रेलोर बंद करताक्षणी द्यायची. टिकाग्रेलोर आधी दिलं तरी चालतं.

दोन छोट्या गोष्टी. ओमेप्राझोल बदलून पँटोप्राझोल करा. टिकाग्रेलोरला त्याने फरक पडत नाही, पण पुढे क्लोपिडोग्रेलवर यावं लागलं तर ओमेप्राझोल ते सक्रिय होऊ देत नाही. आणि गाठीतून रक्त जातंय म्हणून शस्त्रक्रियेची वाट पाहताना कुणी परस्पर गोळी बंद करू नये. हिमोग्लोबिन खाली जात राहिलं तर टिकाग्रेलोरऐवजी क्लोपिडोग्रेल हा मधला मार्ग आहे, पण तो हृदयरोगतज्ज्ञाशी बोलूनच.

शस्त्रक्रियेआधी अँजिओग्राफी किंवा 'उरलेल्या ब्लॉकेजला स्टेंट टाकून घेऊ' असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. लक्षणं नसलेल्या स्थिर रुग्णात शस्त्रक्रियेपूर्वी धमन्या उघडून फायदा होत नाही हे २००४ च्या कार्प चाचणीत दिसलं आहे. नवा स्टेंट म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर.

शल्य_निवासी

फार उपयोगी. दोन शंका राहिल्या. आमच्याकडे दुखणं कमी करायला एपिड्युरल नेहमी घालतात, टिकाग्रेलोर ३ दिवसच थांबवलं तर ते जमेल का? आणि सर्जन म्हणतात की आतड्याचा शिवलेला जोड सुटण्याची भीती ५ ते ७ दिवस असते, तोवर दुसरी गोळी नको.

भूलतज्ज्ञ_म

३ दिवसांवर एपिड्युरल नाही, स्पायनलही (कमरेत सुईने दिलेली भूल) नाही. मणक्याजवळ सुई घालायची तर टिकाग्रेलोर ५ ते ७ दिवस बंद हवं, क्लोपिडोग्रेल ५ ते ७, प्रासुग्रेल ७ ते १०. एकटं ॲस्पिरिन आड येत नाही. पण सुई घालण्याच्या दिवसापेक्षा कॅथेटर काढण्याचा दिवस जास्त अडचणीचा. कॅथेटर तीन दिवस पाठीत राहिलं की तीन दिवस टिकाग्रेलोर सुरू करता येत नाही, आणि स्टेंट बंद पडण्याची भीती याच दिवसांत सर्वांत मोठी असते. भुलेच्या सोयीसाठी गोळी लांबवणं म्हणजे कर्त्याने आपल्या हाताने धोका वाढवणं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला एपिड्युरलची गरज फारशी नसते. जनरल ॲनेस्थेशिया, दोन्ही बाजूंना टॅप ब्लॉक (पोटाच्या स्नायूंच्या थरात दिलेलं बधिरीकरण), भोकांच्या जागी बधिरीकरणाचं औषध, पॅरासिटामोल १ ग्रॅम दर ६ तासांनी आणि लागेल तसं ओपिऑइड. टॅप ब्लॉकमध्ये औषधाचं एकूण माप किलोवर मोजा, भोकांत टाकलेलंही त्यात धरा. डायक्लोफिनॅक, केटोरोलॅक, कॉक्सिब या वेदनाशामकांतलं काही नको. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनची जागाच अडवतं.

बाकी औषधं: मेटोप्रोलॉल आणि स्टॅटिन त्या सकाळीही चालू. ज्याला बीटा ब्लॉकर नव्हता त्याला त्याच दिवशी नव्याने सुरू करू नये. २००८ च्या पॉइझ चाचणीत अशा रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यू वाढले. रॅमिप्रिल २४ तास आधी थांबवा. डापाग्लिफ्लोझिन ३ दिवस आधी, नाहीतर साखर साधारण दिसत असतानाही किटोॲसिडोसिस होतो आणि तो ओळखायला उशीर लागतो.

भूल देताना रक्तदाबाची सरासरी ६५ च्या खाली जाऊ द्यायची नाही, नाडी साधारण ६० ते ८०, शरीराचं तापमान ३६ च्या वर. कुडकुडण्याने प्राणवायूची गरज झपाट्याने वाढते, ती या हृदयाला परवडत नाही. मॉनिटरवर लीड दोन आणि व्ही-५ दोन्ही लावा. नुसत्या दोनवर एलएडीचा बदल निसटतो. आदल्या दिवशीचा १२ लीडचा ईसीजी ओटीत हाताशी ठेवा, तुलनेला काहीतरी लागतं.

आतडे_सर्जन

जोड सुटण्याची भीती आणि गोळी यांचा संबंध जोडू नका. प्लेटलेटची गोळी चालू असल्याने जोड सुटत नाही. भीती आहे ती पुन्हा पोट उघडावं लागलं तर रक्त जाईल याची. पण जोड सुटण्याचा काळ साधारण ३ ते ७ दिवसांचा. तोवर थांबायचं ठरवलं तर स्टेंटचा धोक्याचा काळ पूर्णपणे एका गोळीवर जातो. शस्त्रक्रियेने प्लेटलेट चेतवलेल्या असतात, फायब्रिनोजेन (गुठळी बनवणारं प्रथिन) वाढलेलं असतं, गुठळी विरघळवणारी यंत्रणा मंदावलेली असते. हे सगळं पहिल्या काही दिवसांतच.

म्हणून २४ ते ४८ तासांत टिकाग्रेलोर सुरू. त्याआधी पाहायचं: ६ ते ८ तासांच्या अंतराने घेतलेली दोन हिमोग्लोबिन सारखी, ड्रेन ठेवला असेल तर त्यात ताजं रक्त नाही, नाडी वाढत चाललेली नाही, पोट फुगत नाही. हे जुळलं की थांबायचं कारण उरत नाही. निर्णय कोण घेणार आणि किती वाजता, हे नाव घालून लिहा. 'उद्या राउंडला पाहू' म्हटलं की दोन दिवस जातात.

लोडिंगबद्दल, म्हणजे सुरुवातीच्या मोठ्या मात्रेबद्दल: क्लोपिडोग्रेल नुसतं ७५ ने सुरू केलं तर पूर्ण परिणामाला ५ ते ७ दिवस लागतात, म्हणून तिथे ३०० मिलिग्रॅम द्यावंच लागतं. टिकाग्रेलोरचा परिणाम लवकर येतो. रक्तस्रावाची धाकधूक असेल तर १८० मिलिग्रॅम न देता ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सरळ सुरू करता येतं. आतडं अजून हललेलं नसेल किंवा नाकातली नळी असेल तर टिकाग्रेलोर कुटून पाण्यात मिसळून नळीतून द्या, पाण्याने नळी धुवा आणि अर्धा ते एक तास चिमटा लावून ठेवा. नळी सक्शनला असताना औषध दिलं की ते बाटलीत जातं, हे फार ठिकाणी घडतं. ॲस्पिरिन नळीतून द्यायचं तर साधी गोळी, आवरणाची कुटायची नाही. मॉर्फिनमुळे पोट मंदावतं आणि गोळी उशिरा शोषली जाते, तेही ध्यानात असू द्या.

'उपाशी ठेवा' या आदेशात ॲस्पिरिन बुडतं, हा सर्वांत साधा आणि सर्वांत घातक घोळ. चार्टवर वेगळ्या ओळीत लिहा: 'ॲस्पिरिन ७५, उपाशी असतानाही द्यावे.'

शस्त्रक्रियेत: मोठ्या फांद्या क्लिप किंवा सीलरने नीट बांधा, स्टेपलरची रेघ बंद करण्यापूर्वी आतून पाहा. या रुग्णांत रक्त पोटात कमी आणि स्टेपलच्या रेघेतून आतड्यात जास्त जातं, ते दुसऱ्या दिवशी शौचात दिसतं. पोर्टच्या भोकांतून होणारा स्रावही दुर्लक्षू नका, दुर्बीण काढताना दाब कमी करून प्रत्येक भोक पाहा. ट्रानेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) १ ग्रॅम सुरुवातीला आणि १ ग्रॅम शेवटी हा पर्याय आहे. २०२२ च्या पॉइझ-३ मध्ये मोठा रक्तस्राव ११.७ वरून ९.१ टक्क्यांवर आला. हृदयाच्या घटना १३.९ विरुद्ध १४.२ टक्के होत्या, म्हणजे जवळपास सारख्या, पण 'धोका अजिबात वाढत नाही' हे त्या चाचणीला ठरवलेल्या काटेकोर मापाने सिद्ध करता आलं नाही. ४ महिन्यांच्या फाट्यावरच्या स्टेंटमध्ये मी ते सरसकट देणार नाही, रक्त जायला लागलं तर देईन.

हिमोग्लोबिन ९.२ वर शस्त्रक्रियेला नेऊ नका असं नाही, पण जे दोन-तीन आठवडे मिळतायत त्यात शिरेतून लोह द्या. गोळ्यांचं लोह एवढ्यात पुरत नाही.

अतिदक्षता_रात्रपाळी

सगळं नीट केलं तरी स्टेंट बंद पडू शकतो, आणि पडला तर मृत्यूचं प्रमाण फार मोठं असतं. म्हणून ही शस्त्रक्रिया २४ तास कॅथलॅब चालू असलेल्या ठिकाणीच व्हावी, सकाळच्या यादीत पहिली. नुकतंच पोट उघडलेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येत नाही. तारेने धमनी उघडणं एवढाच मार्ग उरतो. कॅथलॅबच्या लोकांना आदल्या दिवशी रुग्णाची कल्पना द्या आणि जुना रिपोर्ट त्यांच्याकडे पोचवा.

छातीत दुखण्याची वाट पाहू नका. शस्त्रक्रियेनंतर हृदयाला इजा झालेल्या बहुतेकांना छातीत दुखतच नाही, वेदनाशामकांखाली कळत नाही. अचानक घसरलेला रक्तदाब, नवी अनियमित लय, कारण न सापडणारा दम, घाम: लगेच १२ लीडचा ईसीजी. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं रक्तातलं माप) शस्त्रक्रियेआधी एकदा, नंतर २४ आणि ४८ तासांनी. आधीचं माप नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ लावता येत नाही, कारण या रुग्णांत ते मुळातच थोडं वाढलेलं असू शकतं.

ईसीजीत एसटीचा भाग वर गेलेला दिसला तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. एकाने कॅथलॅबला फोन, दुसऱ्याने सर्जनला. ॲस्पिरिन बुडलं असेल तर लगेच. हेपॅरिन किती आणि कधी, हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञाने समोरासमोर ठरवायचं. मनगटातून जाणं बरं, जांघेतून रक्त जाण्याचा धोका वाढतो. इथे कँग्रेलोरचा खरा फायदा आहे, कारण पोटात रक्त जायला लागलं तर ते बंद करून तासाभरात सुटका होते. एसटी वर नसून नुसतं ट्रोपोनिन वाढलं असेल तर धावत कॅथलॅबला न्यायची गरज नसते: रक्तदाब, नाडी, हिमोग्लोबिन, प्राणवायू आधी दुरुस्त करा आणि दुसरी गोळी राहिली आहे का ते पाहा.

उलट बाजू, म्हणजे रक्तस्राव. टिकाग्रेलोर शेवटचं घेऊन २४ तास झाले नसतील तर प्लेटलेट चढवून फारसा उपयोग होत नाही, रक्तातलं औषध नव्या प्लेटलेटलाही धरतं. क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेलमध्ये शेवटच्या गोळीनंतर ६ ते ८ तासांनी चढवलेल्या प्लेटलेट कामाला येतात. दोन्हीकडे नियम एकच: 'सावधगिरी म्हणून' प्लेटलेट नाहीत, खरोखर रक्त जात असेल तेव्हाच. हिमोग्लोबिन ८ च्या खाली जाऊ देऊ नये, आणि ईसीजी बदलला किंवा छातीत दुखलं तर त्याहून वर ठेवावं.

फलाट_हाडवैद्य

विषय निघालाच आहे तर विचारतो. ७८ वर्षांच्या बाई, खुब्याचं हाड मोडलंय, स्टेंट १४ महिन्यांचा, फक्त क्लोपिडोग्रेल ७५ चालू, काल रात्री घेतलं. ५ दिवस थांबायचं का?

भूलतज्ज्ञ_म

नाही. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ५ दिवस अंथरुणावर काढले की न्यूमोनिया, पायातल्या गुठळ्या, पाठीच्या जखमा आणि भ्रम यांनीच रुग्ण हातचा जातो. क्लोपिडोग्रेलमुळे थोडं जास्त रक्त जाईल, ते भरून काढता येतं. २४ ते ४८ तासांत करा. स्पायनल टाळा, जनरल द्या आणि दुखण्यासाठी अल्ट्रासाउंडखाली फॅशिया इलियाका ब्लॉक (जांघेजवळ दिलेलं बधिरीकरण). तो वरवरचा आहे, दाबून रक्त थांबवता येतं. रक्ताच्या दोन पिशव्या जुळवून ठेवा, प्लेटलेट आधीच चढवू नका. १४ महिन्यांच्या स्टेंटमध्ये ट्रानेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम द्यायला मी कचरणार नाही. क्लोपिडोग्रेल दुसऱ्या दिवसापासून चालू.

हाच स्टेंट असून बाईंची शस्त्रक्रिया ठरवून करायची असती, समजा गुडघा बदलायचा असता, तर वेगळं सांगितलं असतं: क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी बंद आणि त्याच दिवसापासून ॲस्पिरिन ७५ सुरू. स्पायनल हवं असेल तर ७ दिवस धरा. २०२४ मध्ये आलेल्या अशुअर-डीईएस चाचणीत वर्षावरचा औषधी स्टेंट असलेल्या ९२६ रुग्णांत ॲस्पिरिन चालू ठेवणं आणि सगळंच थांबवणं यांत हृदयाच्या घटनांचा फरक दिसला नाही. पण त्यात धोक्याचे स्टेंट कमी होते. त्यामुळे मी तरी रिकामं सोडणार नाही. आणि मोतीबिंदू, दात काढणं, त्वचेवरची छोटी गाठ यांसाठी यांतली एकही गोळी थांबवायची नसते, मोतीबिंदूला फक्त डोळ्यामागे सुई न घालता थेंबांवर किंवा सब-टेनॉनवर (डोळ्याच्या आवरणाखाली बोथट नळीने दिलेलं बधिरीकरण) काम करायचं.